मापात बसणारा कुत्रा

पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कुत्रा आणायचा विषय निघाला की पहिली बैठक मापावर होते. ‘लहानसाच आणू’ एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि तिथंच ते संपतं. मुलीला कडेवर मिरवता येईल असा शिह त्झू हवा असतो. बाबांना आकारानं लहान चालतो, पण चोराला तो मोठा वाटला पाहिजे. आजींची एकच अट असते: देवघराशी लुडबूड नको. आईला कुणी विचारत नाही. पुढची बारा-तेरा वर्षं सकाळी सहाला कुत्र्याला खाली कोण नेणार, हे सगळ्यांनी तिला न विचारताच ठरवलेलं असतं.

लहान कुत्र्याची आपली कल्पना बरीचशी पडद्यावरून आली आहे. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’मध्ये टफी नावाच्या कुत्र्यानं क्रिकेटच्या सामन्यात अंपायरगिरी केली. गल्लीबोळांतून ‘पामेरियन’ म्हणून मिरवणारा तो खरं तर इंडियन स्पिट्झ. मग 2003 मध्ये मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागं मागं चालला आणि पगला भाव आला. जाहिरातीत मुलगा जाईल तिथं पग मागं जातो. मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी तो गेटपर्यंतही जाणार नाही, आणि त्यानं जाऊही नये. चपट्या नाकामुळं त्याला धड श्वास घेता येत नाही आणि उन्हात तर जिवावर बेततं. दवाखान्याची बिलं वाढली की असे हौसेचे कुत्रे शेल्टरच्या दारात बांधलेले सापडतात. सोबत खेळणीसुद्धा असतात!

शिवाय आकार लहान म्हणून व्याप लहान, हा हिशेब कुत्र्यांना मान्य नाही. बीगल वाढवला गेला तो सशांचा माग काढायला. डॅशहाउंड जर्मनीत बिळात शिरून बिज्जूला हुसकवायचा. सोसायटीत ससा नाही, बिज्जू नाही. तेव्हा दोघंही सोफ्यावर कामाला लागतात. त्यात डॅशहाउंडचा कणा लांब. सोफ्यावरून रोज उड्या मारल्या की मणक्यांतल्या गाद्या सरकण्याचा धोका वाढतो.

जातिवंत कुत्र्यांचा नाद सोडून शेल्टरमध्ये पोचल्यावर कुटुंब आधी पिल्लांपाशी विरघळतं. दोन महिन्यांचं गावठी पिल्लू ओंजळीत मावतं, म्हणून ते ‘लहान’ ठरतं. मोठेपणी ते पंधरा किलोवर थांबेल की पंचवीसवर, हे डॉक्टरही अंदाजानंच सांगतात. आई-बाप कोण, हे फक्त गल्लीला माहीत. त्यापुढं पार्वो आणि डिस्टेंपरच्या लशी, चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलताना कुरतडलेल्या चपला आणि घरभर शू. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्यात हे गूढ उरत नाही. उंची तीच, वजन तेच, आणि स्वभाव बराचसा तोच.

हा स्वभाव सगळ्यांत नीट ठाऊक असतो तो पिंजरे धुणाऱ्या आणि ताटल्या भरणाऱ्या माणसाला. ताटलीला हात लावला तर गुरगुरतो का, लहान मुलांत राहिलाय का, एकटा ठेवला तर काय करतो, हे त्याला विचारायला हवं. कुटुंब विचारतं, “हा भुंकतो का हो?”

“कुत्रा आहे ताई,” तो म्हणतो, “भुंकणारच.”

एवढ्यात कानाला खाच असलेली एक तांबूस कुत्री, म्हणजे नसबंदी झालेली, आजींच्या पायाशी येऊन बसते. आजी पाय आखडून घेतात. ती सरकून पुन्हा बसते. या वेळी आजी पाय हलवत नाहीत. निवड तिथंच झालेली असते, बाकीचे उगाच चर्चा करतात.

सोसायटीची कमिटी कुरकुर करते. पण बहुमतानं ठराव करूनही कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस मात्र चुकवू नये. वरच्या मजल्यावरच्या काकांशी कायद्यापेक्षा गोड बोलून काम लवकर होतं.

घरी आल्यावर कुत्री पलंगाखाली जाते ती बाहेरच येत नाही. “आपल्याला बिघडलेली दिली की काय?” बाबांना शंका. शेल्टरवाले तीन-तीन-तीनचा ढोबळ ठोकताळा सांगतात: तीन दिवस बावरलेपण जायला, तीन आठवडे घराची शिस्त कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. कुणाला जास्तही लागतात. तोवर पाहुण्यांना बोलावून तिचा मुखदर्शन सोहळा करू नये.

आणि आजींना एक सांगून ठेवा. आता त्या लपवून घास भरवणार, हे नक्की. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतो, द्राक्षंही तशीच. कांदा आणि चॉकलेटही नको. चुकून बेदाणे पोटात गेलेच, तर त्रास दिसेपर्यंत थांबू नका, तडक डॉक्टरकडं न्या.