नवं कोरं हेल्मेट, आणि त्याला मुद्दाम पोचा!

ऐकलंत का? चांगली शिकलीसवरली, पगारदार माणसं नवं कोरं हेल्मेट आणतात आणि आणल्या आणल्या त्याला पोचा पाडतात! स्कूटरवर घालायचं नव्हे हो, ते एक वेळ आपसूक आपटतं. हे ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेटचं, पडद्यावरच्यासारखं हुबेहूब, पोच्यासकट.

आता हा बोबा फेट कोण? तर पैसे घेऊन माणसं पकडून देणारा भाडोत्री शिकारी. १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये बोलतो किती, तर जेमतेम चार वाक्यं. तोंड दाखवत नाही. १९८३च्या पुढच्या भागात डोळ्यांना नीट दिसतही नसलेल्या हॅन सोलो या नायकाचा दांडा चुकून पाठीला लागतो काय, आणि हे महाशय वाळवंटातल्या राक्षसाच्या तोंडात जाऊन पडतात काय! कर्तृत्व म्हणाल तर एवढंच. आणि त्याच्या टोपीपायी लोकांच्या झोपा उडाल्यात.

बरं, मुळात हा पोशाख पांढराधोप होता. पुढे तो रंगवला जो जॉन्स्टन यांनी. हो हो, तेच, ज्यांनी १९९५मध्ये ‘जुमांजी’ दिग्दर्शित केला. त्यांनी हिरव्यावर ओरखडे काढले, गालांवर तांबडा दिला, जागोजागी रंग उडाल्याचं दाखवलं. आता त्यांचा ब्रश जिथे जिथे फिरला, तिथे तिथे जगभरातली मंडळी भिंग लावून बसलीत. कुठला ओरखडा किती लांब, कुठे चंदेरी दिसतं, कुठे करडं! पोशाख १९८०चा की १९८३चा, हाही वाद आहेच, कारण पहिल्यात मनगटावरची कवचं हिरवी आणि दुसऱ्यात तांबडी. इकडे लग्नाच्या शालूचा रंग विचारला तर हेच लोक ‘काहीतरी गुलाबीसर’ म्हणतील.

आणि करतात कसं, ते तर ऐका. थ्री-डी प्रिंटरवर काढलेल्या हेल्मेटावर बारीक बारीक थर दिसतात. मग लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायचं, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं. कित्येक संध्याकाळी यातच जातात, आणि घरभर पांढरी भुकटी. एवढं करून ते आरशासारखं गुळगुळीत झालं, की त्यावर चंदेरी रंग. इथे थांबावं ना? छे! ज्या ज्या ठिकाणी रंग उडालेला दिसायला हवा, तिथे मस्टर्ड सॉसचे ठिपके द्यायचे. हो, सँडविचला लावतो तोच! कुणी टूथपेस्ट लावतं. जे जरा पैसेवाले, ते रंग अडवायचं रबरी द्रावण विकत आणतात. वरून हिरवा मारायचा, वाळला की ठिपके पुसून काढायचे. खालची चांदी डोकावते आणि पाहणाऱ्याला वाटतं, केवढ्या लढाया झाल्यात याच्या डोक्यावर! लढाई म्हणाल तर स्वयंपाकघरातली, सॉसच्या बाटलीवरून.

मग पातळ काळा रंग सगळीकडे फासायचा आणि लगेच कागदानं पुसायचा, म्हणजे खाचांत मळ साचल्यासारखा दिसतो. शेवटी धूळ. आणि ती धूळ कशाची, सांगू? मुलतानी मातीची! आपण जी दह्यात कालवून तोंडाला लावतो, तीच. सिनेमावाले कपडे मळवायला ती कधीपासून वापरतात. एकीकडे तिनं चेहरा उजळायचा, दुसरीकडे तिनंच हेल्मेट मळवायचं. मातीनं तरी करावं काय?

अशा हेल्मेटांवरून कोर्टकचेऱ्याही झाल्यात बरं का. ‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकांची पांढरी हेल्मेटं १९७६मध्ये अँड्र्यू एन्सवर्थ यांनी इंग्लंडमध्ये बनवली होती. पुढे ते ती परत बनवून विकायला लागले, तशी हे सिनेमे काढणाऱ्या लुकासफिल्मनं दावा लावला. मामला पोहोचला थेट ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात. २०११मध्ये पिकल्या केसांच्या न्यायमूर्तींनी बसून ठरवलं की हेल्मेट हे शिल्प नव्हे, ते सिनेमा बनवायला लागणारं साधन! त्यामुळे इंग्लंडमध्ये बनवायला, विकायला एन्सवर्थ मोकळे. अमेरिकेतल्या कॉपीराइटच्या मुद्द्यावर मात्र ते हरले.

आणि एवढ्या मेहनतीनं मळवलेली वस्तू घालून जायचं कुठे? तर अमेरिकेत १९९७मध्ये सुरू झालेली ‘फाइव्ह-ओ-फर्स्ट लीजन’ नावाची संघटना आहे. पोशाख चढवून ही मंडळी रुग्णालयातल्या मुलांना भेटतात, मदतनिधी गोळा करतात. इथे मला तोंड मिटावं लागतं, कारण काम चांगलं आहे. पण आत शिरायचं तर आधी पोशाखाचे फोटो पाठवा, मग ते नियमावलीशी ताडून बघणार. बोबा फेटचं हेल्मेट स्वच्छ? नापास. मळलेलं, पण चुकीच्या जागी? तेही नापास. आमच्या शाळेत गणवेशाला डाग पडला की बाकावर उभं करायचे. यांना डाग नसला तर आत घेत नाहीत!

तेव्हा बायांनो आणि बाप्यांनो, एवढं ऐका. घरातलं कुणी मुलतानी माती पुडीऐवजी किलोनं आणायला लागलं, तर ‘चेहऱ्याला लावतेस का?’ असं विचारत बसू नका. आधी फ्रिजमधला मस्टर्ड सॉस कुलपात ठेवा.