पेंटरबाबांचा ल

केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत बाकीची माणसे नदी बघतात, नाहीतर ओल्या लोखंडी पत्र्यावर आपली स्कूटर घसरत नाही ना, ते बघतात. पेंटरबाब पाट्या बघतात. बोटीवर एक सूचना लावलेली आहे. ती त्यांनी आजवर शेकडो वेळा वाचली असेल, पण ती काय सांगते हे विचारले तर त्यांना सांगता येणार नाही. त्यांना एवढेच दिसते, की तिच्यातला ल चुकला आहे.

"हो ल आमचो न्हय," ते रोज म्हणतात. रागावले की कोंकणी आणि समजावून सांगायला लागले की मराठी, अशी त्यांनी दोन भाषांत वाटणी करून ठेवली आहे. त्यामुळे लगेच मराठीत, "आपल्या ल ला दोन पाकळ्या असतात आणि मधून देठ. हा बघा, उजवीकडे काठी रोवून उभा! हा ल आहे की चौकीतला शिपाई?"

मी एकदा चुकून म्हणालो, "बाब, वाचता येतंय ना, मग झालं."

"वाचता तर डॉक्टरची चिठ्ठीही येते. औषधवाल्याला."

पेंटरबाब हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. पण पेडण्यापासून डिचोलीपर्यंत खाणीच्या टिपरांवर 'आई सातेरी प्रसन्न' लिहिण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याचे खरे नाव कोणाला आठवणार? होड्या, दशावतारी मंडळींच्या पेट्या, दुकानांच्या फळ्या हे काम वेगळेच. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, टिपर अंगणात गंजत उभे राहिले. दुकानांच्या पाट्या त्याआधीच फ्लेक्सने खाल्ल्या होत्या. हाताला काम उरले नाही, तेव्हा सगळी विद्या डोळ्यांत आणि तिथून जिभेवर आली.

त्यांचा मूळ सिद्धान्त असा, की माणूस खोटे बोलेल, पण त्याने निवडलेले अक्षर बोलणार नाही. मंगल फॉन्टात पत्र आले की ते न वाचताच सांगतात, "कचेरीतलं. चुकणार नाही, हसणारही नाही." हा फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला, विंडोज 2000 बरोबर तो घरोघर पोचला, आणि जोशी स्वतः मराठीतले प्रयोगशील कवी होते, हे मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कवीला पण पोट असतं." तेरेखोलच्या किल्ल्यात हॉटेल होते तेव्हाच्या तिथल्या इंग्रजी पाटीबद्दल मात्र त्यांचे मत कोणत्याही पुराव्याने बदलत नाही. अक्षर जितके बारीक तितके भाडे जाड. अक्षरांत मोकळी जागा फार सोडली असेल, तर चहासुद्धा तिथे पिऊ नये.

भाच्याच्या लग्नाची पत्रिका मी एकदा त्यांच्यापुढे धरली. वेलांट्यांची टोके मोराच्या पिसाऱ्यासारखी वळलेली होती. डोळे बारीक करून ते म्हणाले, "मुलीकडचे हौशी. मुलगा कर्जात आहे." हौशीपणाचे खरे निघाले. कर्जाचे मी भाच्याला विचारले, तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

पण सगळ्या शास्त्राचे मूळ पीठ ल. त्यांच्या पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक झेरॉक्स असते: महाराष्ट्र शासनाचा 6 नोव्हेंबर 2009 चा निर्णय. मराठीत ल आणि श मराठी वळणाचेच लिहावेत, असे त्यात आहे. झेरॉक्सच्या घड्या आता फाटायला आल्या आहेत. अडचण एवढीच, की निर्णय महाराष्ट्राचा आणि पेंटरबाब गोव्याचे. तेरेखोल नदीच्या उत्तरेला राहिलेला गोव्याचा हा एवढासा तुकडा. मागच्या रस्त्याने थोडे चालले की रेडी, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा. बाब हद्दीचा पूर्ण फायदा घेतात. अलीकडच्या दुकानदाराला ते हात जोडून म्हणतात, "बाबा रे, जमलं तर ल बदल." हद्द ओलांडली की पिशवीतून झेरॉक्स बाहेर निघते. "तेरेखोलात मी सल्ला देतो," ते म्हणतात, "रेडीत कायदा सांगतो."

फ्लेक्सच्या दुकानातल्या पोराचा यात तसा दोष नसतो. संगणकाला मजकुराची भाषा मराठी आहे असे वेगळे सांगावे लागते. न सांगितल्यास बरेचसे फॉन्ट मुकाट्याने हिंदी वळणाचा ल देतात. हे मी बाबांना समजावले, तर त्यांनी सगळा इतिहासच मांडला. सावंतांनी किल्ला बांधला. 1746 मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला. 1961 मध्ये पोर्तुगीज गेले. "एवढ्या उलथापालथीत ल शाबूत होता. तो गेला आपल्या राज्यात, आणि घेऊन गेलं कोण? यंत्र!"

अक्षरांवरचा पहिला अन्यायही त्यांच्या मते गोव्यातच झाला. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोलला छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन. आपल्या लिपीत छापायची त्या इंग्रज पाद्र्याची इच्छा होती, पण खिळे लागणार सहाशेच्या घरात आणि रोमनला पुरत चोवीस, असे त्याने 1608 च्या पत्रात लिहून ठेवले आहे. हा हिशेब बाबांना पाठ आहे. सहाशे म्हणताना ते छाती फुगवतात. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने सुबक खिळे पाडून दाखवले, म्हणून बाबांच्या देव्हाऱ्यात निर्णयसागरची एक जुनी पोथी आहे. सून म्हणते, मामंजी ती वाचत नाहीत, नुसती बघतात.

कोणीतरी त्यांना पाकिस्तानातली गोष्ट सांगितली. नवाज शरीफ यांच्या मुलीची 2006 सालची म्हणून दिलेली कागदपत्रे कॅलिब्री फॉन्टात निघाली, आणि तो फॉन्ट बाजारात आला 2007 मध्ये. 2017 साली यावरून मोठा गदारोळ झाला. बाबांनी त्याचे 'अक्षराने पंतप्रधान पाडला' असे करून दोन्ही धक्क्यांवर सांगितले. पंतप्रधान पडले ते दुसऱ्याच कारणावरून, पण ही दुरुस्ती ऐकायला धक्क्यावर कोणी थांबले नाही.

कारागिराबद्दल त्यांचा निकष कडक आहे. एका वाचनालयाच्या पाटीवर 'सार्वजनिक' ऐसपैस बसलेले आणि 'लय' मात्र काठाला चेंगरलेले. त्या पेंटरला ते 'पावणेदोन अक्षरांचा मालक' म्हणतात. "आधी मोजायचं, मग खडूने आखायचं, मग ब्रश. शेवटचं अक्षर चेंगरलं, तर तो पेंटर नव्हे, बसचा कंडक्टर."

गेल्या वर्षी त्यांचा एक जुना सोबती वारला. वळणावर फ्लेक्स लागला. दुकानातल्या पोराने 'भावपूर्ण श्रद्धांजली'साठी मोदक हा फॉन्ट निवडला होता. मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींचा तो फॉन्ट, अक्षरे इतकी गुबगुबीत की आतल्या पोकळीच्या नुसत्या फटी उरतात. बारशाला, गणपतीला शोभून दिसतो. इथे मात्र मृत्यूने त्या माणसाचे वजन दहा किलो वाढवल्यासारखे वाटत होते. बाब फ्लेक्ससमोर टोपी काढून उभे राहिले. मला वाटले, गहिवरले. ते पुटपुटत होते, "बिचारो. आनी ल सुद्धां तांचोच."

त्या रात्री त्यांनी ठरवले, की आपली पाटी आपणच लिहायची. फणसाची फळी तासून घेतली, पांढरा हात दिला, आणि काळ्या ऑइलपेंटने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून काढली. खाली तारखेपुरती जागा मोकळी. परवा मला मागच्या पडवीत नेऊन त्यांनी ती दाखवली. 'भावपूर्ण' पाहून मी खरोखर स्तब्ध झालो. रफार पाखरासारखा अलगद टेकलेला. 'श्र' डौलदार. 'द्ध'च्या पोटात ध असा बसलेला, जसा आईच्या मांडीवर. आणि मग 'ली'. दोन पाकळ्या, मधून देठ, सगळे शास्त्राला धरून; फक्त फळी संपली होती. वेलांटीची काठी कडेवरून खाली उतरत अर्धी फळीच्या जाडीवर गेली होती.

मी काही बोललो नाही. तेही काही वेळ बोलले नाहीत.

"मोजलं होतं," शेवटी ते म्हणाले. "द्ध वर जीव जडला, जरा पसरला."

"मग आता?"

"मेस्ताला सांगितलंय, वीतभर लांब फळी हवी. तो म्हणतो, फणस अजून ओला आहे, दिवाळी होऊ दे." त्यांनी फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि हात पुसले. "तोमेरेन हांव खंय वचना."