गाळलेलं वरण

आमच्या गल्लीत सध्या वरण गाळून वाढतात. चहाच्या गाळणीनं. सुट्टीत पुण्याची नातवंडं लातुरात उतरली, की घरोघरची एक गाळणी चहावरून काढून वरणावर नेमली जाते. कारण लेकरांना वरणात कोथिंबीर चालत नाही. चालत नाही तर घालायचीच कशाला, असं मी घरात विचारून पाहिलं. 'कोथिंबिरीशिवाय वरण असतं का कुठं?' असं उत्तर मिळालं. म्हणजे आधी घालायची, मग गाळायची आणि गाळणीत उरलेला चोथा आजोबांनी भाकरीबरोबर खायचा.

2024 साली लातूर जिल्ह्यातल्या तीन जिनसांना भौगोलिक मानांकन मिळालं. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. जिल्ह्यानं आंबट वरणाची अख्खी वाटीच नोंदवून ठेवली म्हणा ना; फोडणी तेवढी राहिली. आणि या मानांकित वाटीला मोबाईल टेकवून उभा करत आमचा नातू विचारतो, "आबा, यात हे हिरवं काय आहे?"

या लेकराच्या नजरेबद्दल थोडं सांगतो. शाळेत फळ्यावरचं दिसत नाही म्हणून त्याला पहिल्या बाकावर बसवलंय. चष्मा आहे. पलंगाखालचा मोजा त्याला दोन दोन दिवस सापडत नाही. पण वरणात मोहरीएवढा कोथिंबिरीचा तुकडा तळाशी जाऊन बसला असला, तरी याचा चमचा नेमका तिथंच उतरतो. तुकडा वर येतो, उजेडात धरला जातो, आईला दाखवला जातो आणि ताटाच्या कडेला मांडला जातो. जेवण संपेपर्यंत वरण तसंच असतं, कडेची रांग मात्र पूर्ण झालेली असते. आता लातूर म्हणजे डाळीचं गाव. इथल्या डाळमिलांमध्ये कलर सॉर्टर नावाची यंत्रं असतात. कॅमेरा डाळ बघतो, काळा, डागी दाणा ओळखतो आणि हवेच्या झोतानं तो बाजूला उडवतो. लाखोंचं काम. माझा एक मित्र मिलवाला आहे. त्याला म्हटलं, यंत्र काढ विकायला, हा नातू घेऊन जा. याला वीज लागत नाही, वायफाय तेवढं लागतं. मित्र हौशी, खरंच घेऊन गेला. दुपारी आणून सोडला आणि म्हणाला, "जमणार नाही भाऊ. यानं काळे दाणे राहू दिले, पिवळी डाळ सगळी बाजूला काढली. म्हणतो, मला डाळ आवडत नाही."

सूनबाई शिकलेल्या आहेत. त्यांनी सांगितलं, "बाबा, ते जेनेटिक असतं." मी वाचून काढलं. खरंच असतं! कोथिंबिरीच्या पानात आल्डिहाइड जातीची द्रव्यं असतात, आणि वास ओळखणाऱ्या एका जनुकाच्या फरकामुळं काही माणसांना त्यांचा वास साबणासारखा लागतो. 2012 साली कॅनडात झालेल्या एका पाहणीत कोथिंबीर न आवडणारे लोक युरोपीय वंशाच्यांत 17 टक्के निघाले आणि आपल्या दक्षिण आशियाई वंशाच्यांत 7 टक्के. आमच्या गल्लीत शंभर टक्के आहेत. जनुक आमच्या घरातून गेलं की सूनबाईंच्या माहेरून, नांदेडहून आलं, यावर दोन्ही घरांत दबक्या आवाजात चर्चाही झाली. पण संध्याकाळी हेच लेकरू पाणीपुरीच्या गाड्यावर उभं राहतं. त्या हिरव्यागार पाण्यात पुदिन्याच्या बरोबरीनं कोथिंबीर वाटलेली असते. ते पाणी हे द्रोणानं पितं, वर आणखी मागतं. तिथं साबण लागत नाही. जनुक संध्याकाळी सहा ते आठ सुट्टीवर असतं, असं कॅनडावाल्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. रात्री वरणाऐवजी नूडल्स शिजतात, तेव्हा मी मसाल्याच्या पुडीमागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. धने! म्हणजे बी चालतं, वाटलेलं पान चालतं. आजोबांच्या गच्चीवरनं आलेलं साबूत पान तेवढं चालत नाही.

गच्चीवरनं आलेलं म्हणतोय, कारण ही कोथिंबीर बाजारची नव्हे. आमच्या गच्चीवर जुन्या कूलरचा टब आहे. मोटर जळाली, जाळ्या गेल्या, टब राहिला. मराठवाड्यात कूलरला असाच पुनर्जन्म मिळतो. त्यात मी धने रगडून पेरतो. लातूरला पाण्याची काय मिजास आहे ते वाचकांना सांगायला नको. 2016 च्या एप्रिलात या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. त्याआधी मार्चात पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लागली होती, चारपेक्षा जास्त घागरी एकत्र दिसल्या की पोलीस येतात की काय असं वाटायचं. त्या उन्हाळ्यातसुद्धा तांदूळ धुतलेल्या पाण्यावर माझा टब हिरवा होता. त्याच साली हा नातू जन्मला. रेल्वेच्या पाण्यावर बारसं झालेलं लेकरू आज बाटलीतलं पाणी 'थंड नाही' म्हणून बेसिनमध्ये ओततं.

पण टबाचा खरा उपयोग मला उशिरा कळला. मुलगा आणि सून आले की पहिल्या सकाळी सगळे गच्चीवर जातात. लेकराला टबाशेजारी उकिडवं बसवतात. ते एक काडी खुडतं, नाकाशी धरतं, डोळे मिटून हसतं. हे तीनदा होतं, कारण पहिल्या दोन वेळा मागं शेजाऱ्यांची पाण्याची टाकी येते. मग व्हिडिओ फिरतो: आजोबांच्या गच्चीवरचं ऑरगॅनिक. खाली बदामांचा पाऊस. खुडलेली काडी गच्चीवरच पडलेली असते. ती उचलून मी खाली आणतो, ती वरणात जाते, तिथून गाळणीत. परत जाताना सूनबाई दोन जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेतात. तिकडं मैत्रिणींना द्यायला. 'घरचं आहे, विषमुक्त आहे.' घरचं असणं ही आता खायची गोष्ट राहिलेली नाही, ती सांगायची गोष्ट झाली आहे. माझी हरकत नाही. फक्त ज्या मैत्रिणींना जुड्या जातात, त्यांच्या घरीही गाळणी असेलच ना?

नांदेडचे आमचे इवाई, म्हणजे सूनबाईंचे वडील, मला हसायचे. त्यांचं शेत अर्धापूरकडं, केळीचं. "भाऊ, पालेभाजीला लेकरं नाक मुरडणारच. केळाला कोण नाही म्हणतंय?" मागच्या उन्हाळ्यात त्यांनी झाडाला पिकलेला घड राखून ठेवला. पिकलेल्या केळाला ठिपके येतात, तेच गोड असतं, हे नांदेडात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. नातवानं ठिपके पाहिले आणि गोवर निघाल्यासारखं केळ दूर धरलं. शेवटी इवायांनी स्वतःच्या मळ्यात उभं राहून, मोटारसायकल काढून, चौकातनं एकसारखी पिवळी, बिनडागाची, औषधानं पिकवलेली डझनभर केळी विकत आणली. आता ते हसत नाहीत. आम्ही फोनवर फक्त पावसाबद्दल बोलतो.

एकदाच जिंकलो होतो. येळवशीला. मार्गशीर्षातली ही वेळा अमावस्या म्हणजे लातूर-धाराशिवकडची मोठी परीक्षा. शहर ओस, सगळा गाव शेतात, कडब्याची कोप, पूजा, आंबील, उंडे आणि भज्जी. भज्जीत काय नसतं? ओले तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, जे हिरवं सापडेल ते, बेसन आणि मूठ-मूठ कोथिंबीर, सगळं शिजून एकजीव. कलर सॉर्टर तिथं बंद पडला. वेगळं काढायला काही दिसेचना! लेकरानं बाजरीचा उंडा मोडून तीन वाट्या भज्जी खाल्ली आणि विचारलं, "हा कुठला सॉस आहे?" आम्ही दोघं म्हातारे एकमेकांकडं बघत गप्प. पण आमच्या धाकट्या भावाला सत्य बोलायची खोड आहे. तो म्हणाला, "बाळा, ही सगळी तुला न आवडणारी कोथिंबीर आहे." चौथी वाटी बांधावर गेली.

आता खरं सांगू? लेकरावर माझा राग नाही. राग दुसरीकडं आहे. मंडईत आपण पाव किलो भेंडी घेतो आणि पिशवी पुढं करून म्हणतो, वर दोन काड्या कोथिंबीर टाक ना. फुकट. मिरची फुकट मागतो, कढीपत्ता फुकट मागतो, पण कोथिंबिरीचा तर हक्कच आहे आपला. ज्यानं ती काढली, बांधली, पहाटे गाडीत घातली, त्याला भाव पडला की जुडीला दोन रुपये नाहीत. तो उभ्या पिकात रोटावेटर घालतो नाही तर जुड्या रस्त्यावर फेकतो. त्याचा फोटो पेपरात येतो आणि आपण चहा पितो. गाळलेला. आणि ज्या गावांच्या नावानं आपण 'घरचं' म्हणतो, तिथं काय उरलंय? पावसाळ्यात कुठंही जा, सोयाबीन. पूर्वी ज्वारीत तूर असायची, मूग असायचा, कडेनं अंबाडी, मधेच वाळकाचा वेल. खुरपायला गेलेल्या बाया संध्याकाळी ओटीत तांदुळजा, घोळ, पाथरी घेऊन घरी यायच्या. भाजीला पैसे पडतात हेच ठाऊक नव्हतं. आता खुरपणं नाही, तणनाशकाचा पंप आहे. तण जातं, त्याबरोबर तांदुळजाही जातो, घोळही जाते. मग तोच शेतकरी आठवडी बाजारात शहराकडनं आलेली पत्ताकोबी विकत घेतो आणि त्याचंही लेकरू ती खात नाही. 2023 हे साल सगळ्या जगानं भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, भाषणं झाली, ज्वारीची बिस्किटं वाटली गेली. त्या वर्षी माझ्या गावाकडच्या शिवारात ज्वारी शोधायला चष्मा लावून फिरलो असतो तर नातवाचा उसना घ्यावा लागला असता. एवढी सगळी भाजी आपण मोठ्यांनी ताटाबाहेर काढून ठेवली, तेव्हा जनुकाचं नाव कुणी घेतलं नाही. नऊ वर्षांचं पोर चमच्याच्या टोकानं एक पान काढतं, तर त्याच्यासाठी कॅनडाची पाहणी!

असो. रक्तदाबाची गोळी घेतली आहे. गाळणीही नवी आणली, जुनीची जाळी फाटली होती आणि दोन पानं निसटून थेट ताटात गेली, त्यावरून रविवारी घरात बरंच झालं. इवायांचा फोन होता. त्यांनी यंदा केळीच्या कडेनं अंबाडी टाकली आहे म्हणाले, बघू म्हणाले, नातू किती ठिपके मोजतो ते. मी टब रिकामा करून माती पालटली. पुढच्या सुट्टीसाठी शेपू पेरलाय.