आजीचं पुण्यस्मरण : नातवंडांसाठी नियमावली

धुळ्यात किंवा जळगावात आजी गेली की दुःख करायला तीन दिवस मिळतात. चौथ्या दिवशी कामाला लागावं लागतं. फ्लेक्स, जाहिरात, दहाव्याचं प्रवचन, वर्षश्राद्धाचा स्वयंपाक. नवख्या नातवंडांची धांदल उडते. आमच्या मोठ्या मायच्या वेळी आमची उडालीच. म्हणून पुढच्यांच्या सोयीसाठी ही नियमावली. आजी भाविक असेल तर तंतोतंत पाळावी. नास्तिक आजी खानदेशात अजून आमच्या पाहण्यात नाही.

१. फोटो
भाविक आजीचा फोटो घरात नसतो. प्रत्येक लग्नात फोटोच्या वेळी ती पाटा-चुलीकडे असते. शेवटी आधार कार्ड सापडतं. त्यावर ती आपल्याला रागे भरायच्या बेतात असते. ते फ्लेक्सवाल्याला द्यावं. तो तिला जरीकाठी शालू नेसवतो, सुरकुत्या पुसतो आणि मागे पंढरपूर उभं करतो. मोठी माय पंढरपूरला कधीच गेली नव्हती. ती चैत्रात पायी सप्तशृंगी गडावर जायची. दोन्ही गुडघे त्या वाटेनं खाल्ले. पण फ्लेक्सवाल्याकडे विठ्ठल तयार होता. भावी नगरसेवकाचा फोटो आजीहून मोठा आला तर हरकत घेऊ नये. छपाईचे पैसे त्यानेच दिलेले असतात.

२. विशेषणं
जाहिरातीला चार पुरतात : धर्मपरायण, सोशिक, प्रेमळ, मितभाषी. ती खरी असण्याची अट नाही. माळेचे १०८ मणी ओढून होईपर्यंत मोठ्या मायची दोन भांडणं, मेथीचा भाव आणि चुलीवरचं दूध एवढं उरकायचं. ‘देख वं, दूध उतू गयं!’ हे तिच्या जपात रामनामाइतकंच यायचं. असलं काही छापू नये.

३. भाषा
सर्वांत महत्त्वाचा नियम. आजी जन्मभर अहिराणीत बोलली असली तरी श्रद्धांजलीत तिला शुद्ध मराठी बोलायला लावावं. पाऊस लांबला की मोठी माय अंगणात उभी राहून वर बघायची आणि म्हणायची, ‘काय रे देवबा, तुले डोया शेतस का नई?’ दहाव्याला माझ्या चुलतभावाने हे असं सांगितलं : ‘आजी सदैव ईश्वराच्या कृपादृष्टीची याचना करीत.’ माणसं गहिवरली. देवाला मात्र बाई कोण हे कळलं नसावं.

४. श्रद्धेचे दाखले
कानबाईचा विषय जपून काढावा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई बसते. घरातल्या माणसांगणिक मुठी मोजून गहू दळतात, रोटांना भाऊबंद जमतात आणि सोमवारी देवीला वाजतगाजत नदीवर पोचवतात. मोठी माय गहू मोजायला बसली की ज्या दिराशी बांधावरून वर्षभर अबोला, त्याच्याही घरच्या मुठी धरायची. कुणी टोकलं तर म्हणायची, ‘कानबाईले आपलं भांडन काय माहीत?’ दीर यायचा, रोट खायचा, आणि मंगळवारपासून अबोला पुन्हा सुरू. भाषणात यातला मंगळवार गाळावा. ‘सर्वांना धरून राहत’ एवढं पुरे.

५. वस्तू
जात्याला सोनेरी रंग द्यावा, वर प्लास्टिकची फुलं ठेवावीत आणि ते हॉलमध्ये टीव्हीखाली मांडावं. पाहुण्यांनी विचारल्यास ‘आमचे संस्कार’ म्हणावं. खुंटा कुठे गेला हे कुणी विचारत नाही.

६. पहिली आखाजी
अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी मातीची घागर भरावी. सोबत डांगर, आंबे, सांजोऱ्या. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला की चुलीत आगारी टाकावी. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे होतं. आमच्याकडेही झालं. मग धाकट्या सुनेनं सहज विचारलं, ‘त्यांना काय आवडायचं? तेही थोडं टाकू या.’

सगळे गप्प. आजी काय खात नाही याची यादी घरात पोरासोरांनाही पाठ होती : चातुर्मासात वांगी-कांदा-लसूण नाही, एकादशीला धान्य नाही, नवस फिटेपर्यंत गूळ नाही. काय आवडतं, ते मात्र सात जणांत एकालाही सांगता येईना. शेवटी सगळ्यांना आवडतो म्हणून आमरसच टाकला.

अशा वेळी गडबडून जाऊ नये. वरचे पाचही नियम नीट पाळल्याची ही खूण आहे.

धोक्याचा इशारा
जळगावात एका मुलाने हे सगळे नियम मोडले होते. त्याची आई १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मली. लिहिणं-वाचणं येत नव्हतं, तिशीत वैधव्य आलं. दळताना, शेतात राबताना ती ओव्या रचायची आणि त्यांत देवाशी घरच्या माणसासारखी बोलायची. मुलाने ती जाण्याची वाट पाहिली नाही. त्याने आणि त्याच्या मावसभावाने, सोपानदेव आणि पितांबर चौधरींनी, ती म्हणत असतानाच जमेल तेवढं टिपून घेतलं, आणि तेही तिच्याच बोलीत. आई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेली. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. परिणाम व्हायचा तो झाला : शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईचं नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला लागलं. एवढं करूनही जे टिपलं गेलं नाही ते तिच्याबरोबरच गेलं.

तुमच्या घरच्या म्हातारीवर असा प्रसंग येऊ द्यायचा नसेल, तर ती बोलत असताना मोबाईलमधून मान वर काढू नका.

आणि नियम मोडायचाच असेल, तर आज संध्याकाळी तिची माळ ओढून झाली की शेजारी बसा आणि एवढंच विचारा, ‘मोठी माय, तुले काय खावाले आवडस?’ आधी ती म्हणेल, ‘मले काय, काहीबी चालस.’ उठू नका. पुन्हा विचारा. मग जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि आखाजीची वाट न बघता उद्याच करून तिला वाढा.