पथ्याची बेरीज

पथ्य म्हणजे काय खाऊ नये याचा विचार, असे वैद्यकशास्त्र मानते. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातल्या पुलगावात पथ्य म्हणजे आणखी काय खावे याचा विचार. चालू जेवणातून एखादा पदार्थ काढून टाकणे तिथल्या स्वभावात बसत नाही. पॅसेंजरच्या तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस जसा ‘सरका न जी थोडं’ म्हणत टेकतो, तसा प्रत्येक नवा आरोग्यदायी पदार्थ जुन्या पदार्थांच्या शेजारी टेकतो आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत उठत नाही. गावाचे नाव रेल्वेच्या पुलावरून पडले, गाव मुंबई-हावडा मार्गावर आहे आणि लष्कराच्या दारूगोळा भांडारामुळे देशभरची माणसे इथे राहून गेली आहेत. त्यामुळे बाकावर टेकणाऱ्यांची कधी वाण पडलेली नाही.

वास्तविक आहारातल्या वजाबाकीची देशातली सर्वांत मोठी प्रयोगशाळा इथून तीसेक किलोमीटरवर चालली. गांधीजींनी 1915 सालच्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात व्रत घेतले होते, की चोवीस तासांत पाचपेक्षा अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि सूर्यास्तानंतर काहीच खायचे नाही. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा प्रचार सुरू झाला. पुढच्याच वर्षी मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीन शिजवून पाहण्यात आले. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तिथल्या पंगतीत उकडलेली, बिनमसाल्याची भाजी असे आणि कडुनिंबाच्या पाल्याची चटणीही वाढली जाई. मोठमोठ्या पुढाऱ्यांना ती गिळावी लागे. कित्येकांच्या देशसेवेत या चटणीची नोंद व्हायला हवी होती.

एवढ्या सगळ्या प्रयोगांतून पुलगावने मनापासून स्वीकारलेली गोष्ट एकच, ती म्हणजे गोरसपाक. गव्हाचे पीठ, गाईचे तूप आणि साखर यांचा हा खुसखुशीत पदार्थ वर्ध्याच्या गोरस भांडारातून येतो, आणि त्याच्यामागे गोसेवेची पुण्याई असल्यामुळे त्यातल्या कॅलरी मोजणे कृतघ्नपणाचे समजले जाते. सोयाबीन मात्र आता सगळ्या जिल्ह्यात पिकते, बाजार समितीत जाते आणि तेलाच्या पिशवीच्या रूपाने घरी परत येते. गांधीजींनी ते दाणे खाण्याचा प्रयोग केला होता; जिल्ह्याने ते तळण्यासाठी वापरून प्रयोग पूर्ण केला.

पुलगावच्या पथ्यकर माणसाचा दिवस पाण्याने सुरू होतो. रात्री पेल्यात भिजत घातलेल्या मेथ्यांचे पाणी शुगरसाठी, कोमट पाण्यातले लिंबू चरबीसाठी, जिऱ्याचे पाणी गॅससाठी आणि तांब्याच्या लोट्यातले पाणी वडिलांपासून चालत आले म्हणून. ही चारही पाणी एकाच पोटात साडेपाच ते सहाच्या दरम्यान पोचतात. त्यानंतर चहा घ्यावाच लागतो, कारण इतके पाणी प्यायल्यावर तोंडाला चव राहत नाही.

मग फिरणे. आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुलगावचा माणूस ती मिनिटे सहज भरतो, मात्र त्यांतली निम्मी उभ्याने जातात. कापसाचा भाव, कुणाच्या मुलाचा पुण्यातला पगार आणि कुणाचा ऑपरेशननंतरचा आहार हे विषय चालता चालता बोलण्यासारखे नसतात. वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. काही उत्साही मंडळी पूल ओलांडून, पलीकडे पाय टेकवून परत येतात आणि ‘दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन आलो’ असे घरी सांगतात. ते खोटे नसते.

फिरण्याचा शेवट पोह्यांच्या गाडीशी होतो, आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. पोहे ही वस्तू मुळात हलकी. विदर्भात त्यावर चण्याचा झणझणीत रस्सा घालतात आणि रश्श्यावर जे लालभडक तेल तरंगते ते म्हणजे तर्री. गाडीवाला पोह्यांचे पैसे घेतो, तर्री मागाल तितकी देतो. जगातल्या कुठल्याच आहारशास्त्राला हा व्यवहार लक्षात घेता आलेला नाही. अर्धा तास चालण्यात शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. सोबतचा एक आलूबोंडा त्यांतल्या बहुतेक परत देतो, उरलेल्या तर्री देते आणि पोहे निव्वळ नफ्यात राहतात. हरकत घेणाऱ्याला ‘चना आहे न जी, प्रोटीन असते’ असे उत्तर मिळते. ते शास्त्रशुद्ध आहे. हरभऱ्यात प्रथिने असतातच. तर्रीत बुडाल्याने ती मरत नाहीत.

पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांतून येणारे आहारतक्ते पुलगावात वाचले जातात, पण भाषेमुळे त्यांचे रूप बदलते. तक्त्यात ‘एक वाटी सांबार’ असे लिहिलेले असते. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. एक वाटी चिरलेला सांबार मुकाट्याने खाणारा माणूस चुकत असतो, पण त्या अख्ख्या तक्त्यातला तोच घास सर्वांत आरोग्यदायी ठरतो. मुनग्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पुण्याचा शेवगा तो इथला मुनगा. परसात मुनग्याचे झाड असते, शेंगा आमटीत पडतात, पाला बकरी खाते. अलीकडे ‘मोरिंगा पावडर’ नावाचे पाकीट घरपोच येऊ लागले आहे. मोरिंगा काय आणि मुनगा काय, दोन्ही शब्दांचे कुळ दक्षिणेतल्या मुरुंगैकडे जाते, आणि पाकिटातली भुकटी त्याच पाल्याची असते. पाकीट मुनग्याच्या सावलीत खाट टाकून उघडले जाते. बकरी शेजारी असते. तिच्या तब्येतीबद्दल आजवर तक्रार नाही.

जवारीचेही तसेच झाले. दोन पिढ्यांपूर्वी घरात गव्हाची पोळी सणाला आणि जावयाला होती. बाकी वर्षभर जवारीची भाकर, बेसन, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. पुढे पोळी रोजची झाली आणि भाकर कमीपणाची. मग संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि जवळजवळ तितकीच प्रथिने असतात, हे पेपरात छापून आले. भाकर मात्र पोळीच्या जागी परत आली नाही. जवारी चिवड्याच्या आणि बिस्किटांच्या रूपाने आली आणि पोळीभाजीचे जेवण झाल्यावर, चहाबरोबर, पथ्य म्हणून खाल्ली जाऊ लागली. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-थ्री जातीचे मेदाम्ल असते. ज्यांनी आयुष्यभर चटणीत खड्डा करून तेल ओतून ती भाकरीशी खाल्ली, त्यांना हे ऐकून वाईट वाटते, कारण इतकी वर्षे चटणी केवळ चवीसाठी खाल्ली असे ध्यानात येते. पावसाळ्यात तरोटा, कुंजर, चिवळ अशा रानभाज्या उगवतात. त्या फुकट मिळतात, त्यामुळे त्यांच्या गुणधर्मांवर कुणाचा फारसा विश्वास नाही.

दुपारच्या ताटाची डावी बाजू स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडे कमी, मीठ खावे. पुलगावात बीपीचा माणूस हा नियम काटेकोर पाळतो. तो वरून मीठ घेत नाही. लोणचे, पापड, खारातली मिरची आणि ताकातले मीठ ही ‘वरून घेतलेली’ नसतात, कारण ती आधीच त्या-त्या पदार्थात होती.

2018 च्या सुमारास महाराष्ट्रात आहाराचे दोन पंथ पडले आणि पुलगाव त्यातून सुटले नाही. विदर्भाचे सुपुत्र, पदव्यांच्या संख्येसाठी प्रसिद्ध असलेले डॉ. श्रीकांत जिचकार यांनी व्याख्यानांतून मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी राज्यभर नेला. दिवसात दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवावे आणि मधल्या वेळात तोंड बंद ठेवावे, कारण प्रत्येक खाण्यागणिक शरीरात इन्शुलिन स्रवते. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, की थोडे थोडे, ठरावीक अंतराने खावे, घरचे, मोसमातले खावे आणि तुपाला भिऊ नये. दोन्ही मतांना आपापली बाजू आहे. दोन्ही एकाच घरात आली म्हणजे काय होते, हे पुलगावात पाहायला मिळते.

सासरे दीक्षितपंथी असतात. त्यांच्या हिशेबाने 55 मिनिटे ही मर्यादा नसून मुदत असते. मोबाइलवर गजर लावला जातो आणि पेपर सोडवायला बसलेल्या मुलाप्रमाणे एकही मिनिट वाया न घालवता पुरवण्या जोडल्या जातात. पोळी, भात, पुन्हा पोळी. पन्नासाव्या मिनिटाला आठवण होते, की सकाळी शेजाऱ्यांकडून आलेला गोरसपाक राहिला. सून दिवेकरपंथी असते. ती दर दोन तासांनी मूठभर दाणे, एखादे केळे, तूपभात असे काहीबाही घेते, आणि घेताना एकटीने खाणे बरे दिसत नाही म्हणून सासऱ्यांसमोर वाटी करते. सासरे नको म्हणतात. ‘एवढ्याशानं काय होते जी?’ असा प्रश्न येतो. या प्रश्नाला जिचकारांच्या व्याख्यानांत उत्तर आहे, पण सुनेच्या तोंडावर इन्शुलिनचा उच्चार करणे घरच्या शिस्तीत बसत नाही. अशा रीतीने सासरे दोन जेवणे दीक्षितांची आणि चार दिवेकरांची जेवतात. वजन वाढल्यावर दोन्ही पद्धती फसव्या असल्याचा निष्कर्ष निघतो, आणि त्यामागे निदान सहा महिन्यांचा अनुभव असतो.

चार वाजताचा चहा बिनसाखरेचा असतो. वाचलेल्या साखरेची रक्कम माणसाच्या खात्यावर जमा होते आणि त्याच संध्याकाळी कुणाच्या वास्तुशांतीत जिलेबीच्या रूपाने काढता येते. पंगतीत पथ्याचा उल्लेख करावा लागतो, तो केल्याशिवाय आग्रहाला धार येत नाही. ‘शुगर आहे’ म्हणणाऱ्याच्या पानात दोन जास्त पडतात, कारण वाढणाऱ्यालाही शुगर असते आणि त्याला सोबत हवी असते.

उपासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. साबुदाणा उसळ, आलू, शेंगदाणे आणि हिरवी मिरची ही उपासाची चौकडी. साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कसावा धरून चौघांचेही मूळ अमेरिका खंडात आहे. कोलंबसाच्या आधी एकादशी कशी साजरी होत असेल याची कल्पना करवत नाही.

खरी वजाबाकी वर्षातून एकदाच होते, आणि ती सूर्य करतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पलीकडे गेला, की भूक आपोआप मरते. दुपट्ट्यात डोके गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून बाहेर पडलेला माणूस घरी येतो तो ताक, पन्हे आणि कूलर यांच्याच आशेने. ताटातून तर्री जाते, तळण जाते, पोळ्या चाराच्या दोन होतात. या दिवसांत गावाचा आहार कोणत्याही पोषणतज्ज्ञाला दाखवण्यासारखा असतो. दुर्दैवाने आंबाही याच दिवसांत पिकतो. रसात तूप घालतात, कारण रस बाधतो; रसाबरोबर सरगुंडे करतात, कारण नुसता रस पोटाला धरत नाही; आणि वर कुरडया तळतात, कारण त्या नुकत्याच घातलेल्या असतात.

रात्रीचे जेवण हलके असावे याबद्दल एकमत आहे. म्हणून खिचडी होते. नुसती खिचडी घशाखाली उतरत नाही म्हणून कढी होते, कढीबरोबर पापड भाजतात, आणि सकाळची वांग्याची भाजी उरलेली असते ती उद्यापर्यंत टिकणार नाही म्हणून तीही संपवली जाते. घरोघरच्या बायकांच्या वजनात या ‘उरलेल्या’चा वाटा किती, हे कोणत्याच तक्त्यात नसते, अन्न टाकू नये हा नियम त्या एकट्याच पाळत असतात.

जेवणानंतर शतपावली. पावले खरोखर मोजली जातात, कारण मनगटावर आता घड्याळ असते. घरापासून पानठेल्यापर्यंत जाऊन परत येईतो हजाराच्या वर भरतात, आणि ठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत जागेवर पाय हलवत राहिल्यास आणखी शंभरेक. दोन दिवस हा कार्यक्रम बंद पडला तर घड्याळ मनगटावर थरथरून आठवण करते.

झोपण्यापूर्वी पेल्यात चमचाभर मेथ्या भिजत घातल्या जातात. सकाळी त्यांचे पाणी पितात. फुगलेले दाणे चावून खायचे असतात, पण ते कडू लागतात. म्हणून घरची बाई ते वाटीत काढून ठेवते आणि दुपारी आलूच्या भाजीला फोडणी देताना, तेल जरा जास्त घालून, त्यात टाकते.