पैसे देऊन पाहुणे

मराठी माणसाला परगावच्या मुक्कामाचे दोनच प्रकार अंगवळणी पडलेले. नातेवाइकांकडे उतरलं की पैसे द्यायचे नाहीत आणि तक्रार घरी परतल्यावर करायची. लॉजवर उतरलं की पैसे मोजायचे आणि तक्रार तिथल्या तिथे, काउंटरवर हात आपटून. पणजीच्या फोंतेन्हासमधल्या जुन्या घरांनी तिसराच प्रकार काढलाय. पैसे लॉजपेक्षा जास्त आणि तक्रारीची सोय नातेवाइकांइतकीच.

१८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला आली, तेव्हाच्या पोर्तुगीज वळणाची ही वस्ती. अरुंद गल्ल्या, निळी-पिवळी-तांबडी घरं. पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घर रंगवायची सक्ती होती आणि पांढरा रंग चर्चसाठी राखीव. आता यातल्या काही घरांत न्याहारीसकट खोली मिळते, आणि खोलीसकट घराणं.

आमच्या खोलीतला पलंग चार खांबांचा आणि चढायला स्टूल लागेल इतका उंच. बायको वर पोचली, खाली बघितलं आणि म्हणाली, "अहो, रात्री उठायचं झालं तर?"

"उठायचं नाही," मी म्हणालो. कारण जमीन लाकडी. एक पाऊल टाकलं की कोणाला, किती वाजता आणि कशासाठी जाग आली ते अख्ख्या घराला कळतं. शिवाय पलंगासमोर भिंतीवर घराण्याचे मिशीवाले पणजोबा. जवळच्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला क्रूसावरचा ख्रिस्त उघड्या डोळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तो मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. पणजोबांची नजरही त्याच खात्यातली वाटली. दिवा घालवला तरी ती जाणवत होती.

सकाळी खिडकीच्या शिंपल्यांतून दुधाळ उजेड आला. काच दुर्मीळ होती त्या काळात पातळ शिंपले लाकडी चौकटीत बसवत. उजेड आत येतो, बाहेरचं काही दिसत नाही. शेजाऱ्यांविषयी कुतूहल असणाऱ्या माणसाला ही फार मोठी गैरसोय. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा मात्र स्वच्छ ऐकू आला.

नळाला गरम पाणी नव्हतं. खाली घरमालकीण आंटी टेबलावर बशा मांडत होत्या.

"आंटी, गरम पाणी येत नाही."

"येतं. थांबायचं. तो नळ माझ्या सासऱ्यांनी बसवलाय."

आता सासऱ्यांना कोण बोलणार? मी विषय बदलून वायफायवर आलो.

"भिंती चिऱ्याच्या," आंटी अभिमानाने म्हणाल्या. "आजकाल अशा जाड बांधत नाहीत."

सदाशिव पेठेतला आमचा वाडा याच कारणांसाठी बिल्डरला दिला होता. इथे त्याच कारणांचे वेगळे पैसे लागतात, आणि त्यांना हेरिटेज म्हणतात.

न्याहारी एकाच लांब टेबलावर, सगळ्यांनी मिळून. ही खरी परीक्षा. आपल्याकडे सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय घरच्यांशीसुद्धा कोणी बोलत नाही. इथे समोर एक फ्रेंच जोडपं हसतमुखाने बसलेलं. आंटींनी गरम पोई ठेवली. गव्हाच्या कोंड्याची, मधून पोकळ. फ्रेंच गृहस्थांनी ती निरखून, हुंगून, हलकेच दाबून बघितली. ज्यांच्या देशात पावावरून माणसाची पारख होते त्यांनी मान डोलावली, तेव्हा माझी छाती उगाच फुगली. पेराद, म्हणजे पेरूची वडी, बायकोने दुसऱ्यांदा घेतली. आंटींनी तिसरी वाढली. नको म्हणायची सोय नव्हती, कारण आम्ही पाहुणे होतो. आणि संकोचायचं कारण नव्हतं, कारण आम्ही पैसे दिले होते.

तुडुंब पोटाने मी वरच्या बाल्कनीत बसलो. खाली गल्लीत फोटोवाल्यांची वर्दळ सुरू झालेली. इथले रहिवासी या प्रकाराला इतके विटलेत की कित्येक घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या आहेत. एक प्री-वेडिंग जोडपं आमच्या पायरीवर टेकलं. त्यांच्या फोटोग्राफरने वर बघून हाक मारली, "काका, जरा आत व्हाल का? फ्रेममध्ये येताय."

काका! आणि तेही आपल्याच बाल्कनीत!

मी कठड्यावर वाकून ओरडलो, "इथे माणसं राहतात! पिढ्यान् पिढ्या!"

जोडपं ओशाळून उठलं. मागून, आतल्या खोलीतून आंटींचा आवाज आला, "चेक-आउट अकराला, हां!"