मोजा, इस्त्री आणि विमान

विमानं बनवायचा छंद आहे असं सांगितलं की समोरचा माणूस ठरावीक प्रश्न विचारतो. किती उंच जातं? कितीला पडलं? आणि पडलं तर? या शेवटच्या प्रश्नात त्याला खरा रस असतो. पंख कशानं मढवले, हे मात्र आजवर मला एकाही माणसानं विचारलेलं नाही. वास्तविक या छंदातला सगळा मनस्ताप आणि घरातली निम्मी भांडणं त्या मढवण्यातच असतात. मोटार, बॅटरी, रिमोट या गोष्टी पैसे टाकले की घरपोच येतात. तयार मढवलेली विमानंही मिळतात, नाही असं नाही. ती विकत घेणाऱ्यांशी मी बोलतो, पण बेताचंच.

मढवायच्या आधी पंख कसा असतो ते सांगतो. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या दोन मिलिमीटर जाडीच्या फळीतून कापलेल्या रिब्ज म्हणजे बरगड्या, त्यांच्यातून आरपार जाणारा स्पार, पुढे गोलसर लीडिंग एज, मागे निमुळती ट्रेलिंग एज. सगळं मिळून हातात घेतलं तर घेतल्यासारखं वाटत नाही. या अवस्थेत तो इतका देखणा दिसतो की घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "आता काही करू नका, असाच भिंतीवर लावा." सल्ला प्रामाणिक असतो. पुढे काय होणार आहे याचा त्यांना अंदाज असावा.

माझं घर साताऱ्यात, सासुरवाडी सांगलीत. सासऱ्यांनी जन्मभर हळदीची अडत केली, त्यामुळे कुठलाही माल हातात आला की आधी ते नखानं टोकरून बघतात. बाल्साची फळी त्यांनी अशीच टोकरली. नख थेट आत गेलं.

"जावईबापू, हे लाकूड म्हणून दिलंय तुम्हाला? सागाचं करा. पन्नास वर्षं हलणार नाही."

"मामा, हलायलाच हवंय त्याला."

मग मी बाल्साची बाजू मांडली. हे झाड मुख्यतः इक्वेडोरहून येतं. त्याचं लाकूड सागाच्या चौथाई वजनाचं, तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते 'कठीण लाकडा'तच मोडतं. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो नावाचं इंग्रजांचं बॉम्बफेकी विमान बर्चच्या प्लायवुडमध्ये बाल्सा घालूनच बांधलेलं होतं. सासरे म्हणाले, "नावच डास. टिकणार किती?" मग १९४७ सालच्या कॉन-टिकीची गोष्ट सांगितली. थोर हेयरडाल आणि त्याचे सोबती बाल्साच्या ओंडक्यांच्या तराफ्यावरून पेरू देशातून निघाले आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियाला लागले. त्यावर सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पाण्यातलं वेगळं." अडतीच्या धंद्यात या माणसाशी कोण कसं बोलत असेल, देव जाणे.

असो. मढवायच्या दोन तऱ्हा. जुनी तऱ्हा टिश्यू पेपर आणि डोपची, नवी तऱ्हा इस्त्रीनं चिकटवायच्या फिल्मची. मी परंपरेचा मान राखून जुनीपासून सुरुवात केली. साताऱ्यात, जुलै महिन्यात.

कागद चिकटवण्याचं काम आमच्या घराण्याला नवीन नाही. दिवाळीत कामट्यांचा आकाशकंदील घरीच व्हायचा. मैद्याची खळ, घोटीव कागद आणि काकांची आरडाओरड. पण कंदिलाचा कागद जरा ढिला राहिला तर फडफडतो आणि उलट बरं दिसतं. पंखाचा कागद फडफडला तर हवा ऐकून घेत नाही. म्हणून कागदाचे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेनं ठेवायचे, आधी खालची बाजू मढवायची आणि मग वरची, म्हणजे सांधा वरून दिसत नाही. कडेला चिकटवून झालं की त्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. वाळताना कागद आकसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसतो.

बारीक फवाऱ्यासाठी आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यापेक्षा लायक माणूस मला सुचला नाही. आताच्या इस्त्रीवाल्यांकडे प्लास्टिकची बाटली असते, पण हा जुन्या घराण्याचा. तोंडात पाणी धरून असा फवारा मारतो की शर्टाला कळतही नाही. पंख बघून त्यानं गंभीरपणे विचारलं, "सायेब, कडक इस्त्री मारायची का साधी?" नुसतं पाणी हवंय म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. पण फवारा मारला तो असा की कागदावर एक थेंब जमला नाही. पैसे घेईना. "ह्याचा रेट न्हाई आमच्यात," म्हणाला.

यानंतर डोप. डोप म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं पातळ वॉर्निश. त्यानं कागदाची छिद्रं बुजतात, तो आणखी ताठ होतो. वास मात्र थिनर आणि पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांच्या मधला. आई दोनदा फळांची टोपली तपासून आली. तिसऱ्यांदा तिनं टोपलीऐवजी मला तपासलं. वेळ साजरी करायला मी तिला विमानाचा इतिहास सांगितला. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या कारखान्यांत पंखाच्या कापडाला डोप लावणारे कामगार त्यातल्या टेट्राक्लोरोइथेन नावाच्या द्रावकामुळे कावीळ होऊन आजारी पडले, काही दगावलेही. आपल्या डब्यात ते द्रावक नाही, हे वाक्य मी शेवटी ठेवलं होतं. तिथपर्यंत आई थांबलीच नाही. विमान, डबा, ब्रश आणि मी असे सगळे पाचव्या मिनिटाला गॅलरीत होतो.

आता गॅलरीतली गंमत ऐका. डोपमधलं द्रावक भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि हवा दमट असेल तर तिच्यातली वाफ त्याच गार जागी पाणी होऊन बसते. चकचकीत पंखावर पांढरट साय धरते. जुलैमधला सातारा म्हणजे समोर अजिंक्यतारा किल्ला आहे हे आठवणीवर विसंबून मानायचं. आत बसलो तर फुप्फुसं जातात, बाहेर बसलो तर पंख जातो. मी बाहेर बसलो.

पांढरा पडलेला तो पंख बायकोनं बघितला. "अहो, आमच्या सांगलीत एवढा पाऊस नसतो," ती म्हणाली. माहेरच्या हवेचं कौतुक करायची संधी तिनं कधी सोडलेली नाही, पण या वेळी तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. म्हणून पंख मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "पतंग का?" मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर कराडपर्यंत खुलासा करावा लागला असता. साताऱ्याच्या ओलाव्यात सैलावलेला कागद जसजशी हवा कोरडी होत गेली तसतसा ताणायला लागला. पेठ नाक्याला पंख अगदी सुरेख दिसत होता. सांगली स्टँडवर उतरलो तेव्हा त्याचं एक टोक आकाशाकडं आणि दुसरं कंडक्टरकडं बघत होतं.

टिश्यू सोडून फिल्म घ्यायचं तिथंच ठरलं. फिल्म म्हणजे एका बाजूला रंग आणि गोंद असलेलं पातळ प्लास्टिक. साधारण १०० अंशांच्या आसपास गोंद जागा होतो, त्याहून वर गेलं की फिल्म आकसते आणि सुरकुत्या गिळते, आणखी वर गेलं की भोक पडतं. फिल्म येईपर्यंत धीर नव्हता म्हणून आधी लॅमिनेशनच्या दुकानात जाऊन सगळ्यात पातळ लॅमिनेशन फिल्म मागितली. बरेच छंदी लोक ती वापरतात. आकसते, पण हात राखून. दुकानदार सातबारा, दाखले आणि आधार कार्डं लॅमिनेट करणारा. त्यानं विचारलं, "मूळ प्रत कुठाय?" मी पंख दाखवला. त्यानं तो उलटसुलट बघितला आणि विचारलं, "दोन्ही बाजूनं का?"

पुढं खरी फिल्म आली, आणि रंगावरून घर बसलं. विमानाची वरची आणि खालची बाजू वेगळ्या रंगाची हवी, नाहीतर लांब गेल्यावर ते सुलटं आहे की उलटं हे कळत नाही. वरचा रंग सासऱ्यांनी ठरवला. हळदीचा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा दुसरा रंग लावला तर पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. खालचा रंग जावयाच्या मर्जीनं.

इस्त्री सासूबाईंची. जावयाला नाही म्हणता येत नाही या एकाच कारणानं ती मला मिळाली. घरगुती इस्त्रीवर नायलॉन, रेशीम, लोकर, सुती अशा खुणा असतात. माझ्या अनुभवानं रेशमावर फिल्म चिकटते, लोकरीवर ताणते आणि सुतीवर आरपार दिसायला लागतं. प्रत्येक इस्त्रीचा स्वभाव वेगळा, म्हणून आधी एका तुकड्यावर आजमावून बघायचं. नंतर सासूबाईंच्या नऊवारीवर एक पिवळा ठिपका सापडला म्हणतात. तो हळदीचा होता, असं मी आजही म्हणतो. त्या घरात दुसरं काय असणार?

इस्त्री नुसती फिरवली तर फिल्मवर चरे पडतात, म्हणून तिच्यावर मोजा चढवायचा. कारागीर लोक खास शिवलेला मोजा वापरतात. आम्ही मुलाच्या शाळेचा वापरला, ज्याचा जोडीदार मागच्या वर्षीपासून बेपत्ता होता. पांढरा मोजा घातलेली इस्त्री पंखावरून फिरताना बघायला गच्चीवर शेजारपाजारचे जमले. सांगलीत माणूस नुसता बघत नाही.

"मर्दा, हितं फुगा आलाय."

"टाचणी मार की."

"आरं हळू, पंक्चर व्हायचं."

टाचणी मारणं बरोबरच आहे. फिल्मखाली अडकलेली हवा तापून फुगते, तिला वाट द्यावी लागते. रिब्जनासुद्धा आधीच बारीक भोकं पाडून ठेवतात, नाहीतर बंद खणातली हवा पंखाला बाळसं आणते. पण ती टाचणी कुणी मारायची यावर गच्चीवर दोन तट पडले. शेवटी मान सगळ्यात थोरल्या शेजाऱ्यांना मिळाला. त्यांनी डोळे मिटून मारली.

मधला भाग कुणालाही जमतो. परीक्षा असते ती पंखाच्या टोकाची. तिथं लाकूड दोन्ही दिशांनी वळतं आणि फिल्म मात्र सपाट, त्यामुळे सगळ्या चुण्या तिथं येऊन गोळा होतात. मी चुणी दाबली की ती शेजारी सरकायची. सासूबाई बराच वेळ जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी पदर खोचून पुढं आल्या. "तुम्ही नुसते शेकत बसलाय. ओढ द्यायला नको?" त्यांनी फिल्मची कड चिमटीत धरून बाहेर, खाली आणि जराशी मागं ओढली; मी इस्त्री टेकवली. चुणी गेली. हीच ती युक्ती: गरम असताना ताणायचं, गार होईतो सोडायचं नाही, उरलेली कड नंतर ब्लेडनं कापायची. मी त्यांना आदरानं सांगितलं की १९०३ साली राइट बंधूंच्या विमानाला साधं सुती मलमल होतं, डोपबीप काही नव्हतं, आणि ते त्यांनी स्वतः शिलाई मशीनवर शिवलं होतं. कापड तिरकं लावलं होतं, म्हणजे ओढ नीट बसते. "मग शहाणे होते," त्या म्हणाल्या. दोन्ही टोकं त्यांनीच पूर्ण केली आणि डाळ शिजायला लागली म्हणून खाली गेल्या.

राहिला पीळ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. फिल्मच्या बाबतीत नेमकं उलटं: तापवलं की असलेला पीळ जातो, किंवा नसलेला येतो. वरची बाजू जास्त शेकली गेली की ती खालच्या बाजूवर मात करते आणि पंख वळतो. राइट बंधू विमान वळवायला पंखांना मुद्दाम पीळ देत; माझ्या पंखाला तो आपणहून आला होता. पीळ नेहमी वाईटच असं नाही. दोन्ही टोकांची मागची कड दोन-तीन मिलिमीटर वर ठेवली तर हळू वेगात विमान अचानक एका अंगावर कोसळत नाही. पण तो दोन्हीकडं सारखा हवा. एकीकडं वर, एकीकडं खाली असेल तर विमान आयुष्यभर एकाच दिशेला जातं. मग मेव्हण्यानं पंख उलट्या बाजूला पिळून धरला, मी पुन्हा शेकला आणि गार होईतो आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता उभे राहिलो. त्याचं आणि माझं इतकं कधी जमलं नव्हतं.

उडवलं ते गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर. सांगलीजवळ कवलापूरला विमानतळाची जागा आहे, विमानतळाची मागणी जुनी आहे, चर्चा तर बारमाही आहे. त्यामुळे आमच्या भागात उडणारी कुठलीही वस्तू दिसली की गर्दी जमते. विमान उडालं. पहिल्या फेरीत जरा डावीकडं ओढत होतं, रिमोटवर दोन टिचक्या दिल्या, सरळ झालं. कडक उन्हात फिल्म पुन्हा सैल होते आणि पंखावर चार सुरकुत्या आल्याच होत्या, पण त्या हाताच्या अंतरावरून दिसतात. हवेला सुरकुतीचं काही वाटत नाही, तिला पीळ तेवढा कळतो. सासरे कपाळावर हात धरून वर बघत होते. किती उंच, कितीला, काही विचारलं नाही. म्हणाले, "रंग उठून दिसतोय."

तुम्हीही करून बघा. घरातली जुनी, वाफेची भोकं नसलेली इस्त्री शोधा, शेकायच्या आधी धूळ पुसा, आणि टोकापाशी आलात की सासूबाईंना हाक मारा. मोजा मात्र सुतीच घ्या. नायलॉनचा असेल तर तो वितळून पंखाला चिकटतो, आणि मग विमान मोज्यासकट उडवावं लागतं.